हिरड्यांतून रक्त येतंय? हृदयाच्या डॉक्टरांनाही सांगा

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात संध्याकाळी गर्दीच्या वेळी उभं राहिलं, की दोन प्रकारची गिऱ्हाइकं हमखास दिसतात. एक महिन्याच्या गोळ्या न्यायला आलेलं असतं. चिठ्ठी मळलेली, घडीवर फाटलेली. त्यावर बीपीची गोळी, शुगरची गोळी, रक्त पातळ ठेवायची गोळी. दुसरं गालाला हात लावून विचारत असतं, "हिरडी सुजलीये, काहीतरी द्या ना." पुष्कळदा ही दोन गिऱ्हाइकं म्हणजे एकच माणूस असतो. दोन्ही औषधं एकाच पिशवीत पडतात. दातांच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळ्या माहीत नसतात आणि हृदयाच्या डॉक्टरांनी कधी तोंड उघडायला सांगितलेलं नसतं. हा लेख त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

आधी हिरड्यांचं काय होतं ते पाहू. दातावर सतत एक चिकट, मऊ थर साचतो. ब्रश केल्यावर काही तासांत तो पुन्हा धरायला लागतो. तो नीट निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत कडक होतो, त्यालाच आपण कीटण किंवा टार्टर म्हणतो. कीटण एकदा बसलं की कितीही जोर लावून ब्रश करा, ते हलत नाही. त्याच्या कडेने जंतू वाढतात, हिरडी लाल होते, फुगते, ब्रश लागला की रक्त येतं. इथपर्यंतचा आजार पूर्ण बरा होतो. पण दुर्लक्ष झालं तर हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोलगट खिसा तयार होतो आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. हा पायरिया. झिजलेलं हाड सहसा परत येत नाही. उपचारांनी झीज थांबवता येते.

या आजाराची सगळ्यात वाईट खोड म्हणजे तो दुखत नाही. किडलेली दाढ रात्री दोनला उठवते. पायरिया दहा-पंधरा वर्षं शांतपणे हाड खातो. मग एक दिवस भाकरीचा तुकडा तोडताना दात हलतो आणि आपण म्हणतो, "वय झालं, आता पडायचेच." वयाने दात पडत नाहीत. ज्यांच्या हिरड्या सांभाळल्या गेल्या, त्यांचे ऐंशीव्या वर्षीही जागेवर असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे जगात 100 कोटींहून जास्त लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे, तेव्हा हे दुखणं कुणा एकट्याचं नाही.

आता हृदयाचा प्रश्न. या बाबतीत व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात दोन टोकं दिसतात. एक म्हणतो, दात नीट घासा, हार्ट ॲटॅक येणार नाही. दुसरा म्हणतो, दातांचे डॉक्टर धंदा वाढवायला काहीही सांगतात. दोन्ही चूक आहेत.

1989 साली हेलसिंकीतल्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या 100 रुग्णांचे दात तपासले आणि त्यांची तुलना तशाच, पण झटका न आलेल्या 102 जणांशी केली. झटका आलेल्यांची तोंडं जास्त खराब निघाली. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आल्यावर जगभर अभ्यास सुरू झाले. पुढच्या बऱ्याच पाहण्यांचं ढोबळ उत्तर असं, की पायरिया असलेल्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण 20 ते 30 टक्क्यांनी जास्त दिसतं. पण ज्याच्या हिरड्या बिघडतात तो बहुधा तंबाखू खातो, त्याला मधुमेह असतो, त्याच्याकडे डॉक्टरकडे जायला वेळ आणि पैसा कमी असतो. ही सगळी हृदयविकाराचीही कारणं आहेत. मग दोष हिरडीचा की तंबाखूचा? अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 साली सगळा पुरावा चाळून सांगितलं, की बाकीची कारणं वजा केली तरी दोन्ही आजारांचा संबंध उरतो. मात्र हिरड्यांमुळेच हृदयविकार होतो, किंवा हिरड्यांवर उपचार केल्याने तो टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं, आणि वागायला पुरेसंही वाटतं.

संबंध असावा असं मानायला कारणं आहेत. सुजलेल्या हिरडीच्या खिशातलं अस्तर फाटकं असतं. चावताना, ब्रश करताना तिथले जंतू थोडे थोडे रक्तात जातात. पायरिया झालेल्या माणसाच्या सगळ्या खिशांचं अस्तर एकत्र पसरलं तर तळहाताएवढी जखम होते, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते जरा फुगवून सांगितलेलं आहे. काटेकोर मोजणीत आकडा 8 ते 20 चौरस सेंटीमीटर आला. पण एवढी उघडी जखम पायावर असती तर आपण महिनाभरही ती तशीच ठेवली नसती. तोंडातली मात्र वर्षानुवर्षं चालते. त्या सततच्या सुजेला उत्तर म्हणून यकृत सीआरपीसारखी प्रथिनं रक्तात सोडत राहतं, आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला हे दीर्घकाळ सोसत नाही. मानेतल्या धमन्यांमधून शस्त्रक्रियेने काढलेल्या चरबीच्या थरात हिरड्यांतल्या जंतूंचे अंश सापडलेले आहेत. 2007 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 120 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पायरियावर कसून उपचार केल्यावर पहिल्या दिवशी शरीरातली सूज उलट वाढली, पण सहा महिन्यांनी रक्तवाहिन्यांचं प्रसरण पावणं सुधारलेलं दिसलं. झटके कमी झाले की नाही हे त्या प्रयोगातून कळत नाही; ते मोजायला हजारो माणसं आणि पुष्कळ वर्षं लागतील.

या विषयात अति उत्साहाचं काय होतं तेही इतिहासात आहे. 1910 साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी मॉन्ट्रियलमध्ये भाषण करून तोंडातला पू हेच पुष्कळ रोगांचं मूळ असल्याचं सांगितलं. त्यानंतर काही दशकं अमेरिकेत संधिवातापासून वेडापर्यंत सगळ्यावर इलाज म्हणून धडधाकट दात उपटले गेले. रोग बरे झाले नाहीत, माणसं बोळकी झाली. तेव्हा "हृदयाला त्रास नको म्हणून सगळे दात काढून कवळी बसवून टाका" असं कुणी सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

हिरड्या आणि हृदय दोन्हींना एकाच वेळी मारणारी गोष्ट मात्र नि:संशय ठाऊक आहे: तंबाखू. आणि आपल्या पेठेत ती पावलोपावली आहे. तपकीर गल्लीत सकाळपासून पंख्यांची आणि वायरींची खोकी उतरवणारा हमाल दुपारच्या जेवणापर्यंत तळहातावर चुना मळून बार भरतो, कारण त्याने भूक मरते. गाड्यावरचा पोरगा सुपारीची पुडी दाताने फाडतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी सोय कुठल्याही टपरीवर दिसेल. आणि घराघरांत मिश्री आहे. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू, बोटाने हिरड्यांवर चोळायची. सकाळी एकदा, मग दुपारी, मग सवय जडली की दिवसातून पाच-सहा वेळा. मिश्री लावणाऱ्या आजीला विचारा, ती कधीच म्हणणार नाही की मी तंबाखू खाते. ती म्हणेल, दात घासते. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारल्यावर ती खरंच मनापासून नाही म्हणते, आणि फाइलमध्ये "व्यसन नाही" असं लिहिलं जातं. म्हणून घरातल्या बायकांना दवाखान्यात नेताना ही माहिती तुम्ही सांगा: मिश्री आहे, किती वर्षांपासून, दिवसातून किती वेळा.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार आत पोखरत असला तरी रक्त कमी येतं. "माझ्या हिरड्यांतून थेंबभर रक्त येत नाही" हे ओढणाऱ्याने सांगितलेलं वाक्य आरोग्याचं प्रमाणपत्र नसतं. ओढणं सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्त जास्त दिसू शकतं. घाबरून पुन्हा सुरू करू नका. हिरडीत रक्ताभिसरण पूर्ववत होत असल्याची ती खूण असते. आणि सुपारी-गुटखा खाणाऱ्यांनी आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहावं. जात नसतील, किंवा तिखट झोंबत असेल, तर हिरड्यांचं नंतर, आधी तोंडाच्या कर्करोगाची तपासणी.

बुधवार पेठेबद्दल लिहिताना तिथल्या वस्तीत देहविक्रय करणाऱ्या बायकांना वगळून पुढे जायची पद्धत आहे. आरोग्याच्या लेखात तरी ते बरोबर नाही. रात्रपाळीचं जगणं, वेळी-अवेळी जेवण, मिश्री आणि गुटखा यांनी हिरड्या लवकर जातात. ज्यांना एचआयव्ही आहे त्यांना हिरड्यांचा तीव्र संसर्ग पटकन होतो, आणि नियमित गोळ्यांनी आयुष्य वाढल्यावर त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाणही इतरांपेक्षा जास्त दिसतं. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, औषध घ्यायला गेल्यावर बीपी आणि साखर तपासून घ्या, आणि हिरडीतून आपोआप रक्त येत असेल, तोंडाला कुजका वास असेल तर तिथल्या डॉक्टरांना दाखवा. एचआयव्ही आहे म्हणून दात बघायला नकार देणं कायद्याने निषिद्ध नसतं तरी लाजिरवाणं ठरलं असतं. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने अशा भेदभावाला मनाई केलेली आहे.

पुणेकरांना साखरेबद्दल दोन शब्द. जवळच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली लॅन्सेटमध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीचा, असा आपला भारतीय देह असल्याचं याज्ञिकांच्या संशोधनातून पुढे आलं. म्हणूनच "मी तर काटकुळा, मला कसली शुगर" हा युक्तिवाद आपल्याकडे टिकत नाही. मधुमेह आणि पायरिया एकमेकांना वाढवतात: साखर जास्त असली की हिरडीचा संसर्ग आटोक्यात येत नाही, आणि हिरडीचा संसर्ग असला की साखर आटोक्यात येत नाही. पायरियावर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, सरासरी 0.4 टक्क्यांनी उतरल्याचं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. हृदयाच्या बाबतीत जो पुरावा अपुरा आहे, तो साखरेच्या बाबतीत बऱ्यापैकी पक्का आहे. आणि साखर उतरली तर हृदयाचा फायदा वेगळा सांगायला नको. चाळिशी उलटल्यावर हिरड्या वारंवार सुजत असतील, त्यांच्यावर फोड येत असतील, तर दातांच्या डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी उपाशीपोटीची साखर तपासून रिपोर्ट बरोबर न्या.

दवाखान्यात गेल्यावर काय व्हायला हवं, हे माहीत असलेलं बरं. फक्त आरसा फिरवून "साफ करून टाकू" म्हटलं तर ती हिरड्यांची तपासणी झाली नाही. डॉक्टरांकडे मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, टोक बोथट असलेली सळई असते. ती हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच उतरवायची आणि कुठवर जाते ते बघायचं; प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटरवर अडते. चार किंवा जास्त आली, आणि सळई काढल्यावर रक्त दिसलं, तर तिथे खिसा आहे. डॉक्टर आकडे बोलतात, सहायक लिहून घेते: "तीन, दोन, तीन, पाच, सहा, पाच..." जरा टोचल्यासारखं होतं, पण हेच मोजमाप महत्त्वाचं. त्या आकड्यांचा कागद मागून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायला सांगा. एक्स-रेत हाड किती शिल्लक आहे ते दिसतं.

मग स्केलिंग, म्हणजे यंत्राने कीटण काढणं. या एका गोष्टीची पुण्यात जेवढी भीती आहे तेवढी रूट कॅनालचीही नाही. "दात साफ केले की हलायला लागतात", "फटी पडतात", "इनॅमल खरवडून जातं", "एकदा केलं की दर वर्षी करावं लागतं." पहिल्या दोन तक्रारी खोट्या नाहीत, पण त्यांचा अर्थ उलटा लावला जातो. जुन्या वाड्याची भिंत आतून उंदरांनी पोखरलेली असते आणि वरच्या गिलाव्याने ती धड दिसत असते. गिलावा काढला की भोकं दिसतात, म्हणून भोकं गिलावा काढणाऱ्याने पाडली असं कुणी म्हणत नाही. हाड झिजून दातांमध्ये जी जागा रिकामी झाली होती, ती कीटणाने भरलेली होती. कीटण काढलं, सूज ओसरली, हिरडी आक्रसून जागेवर बसली की खरी फट उघडी पडते. दात हलत होताच. कीटणाने शेजाऱ्याशी बांधून ठेवला होता. इनॅमलचं म्हणाल तर यंत्राच्या टोकाची थरथर आणि पाण्याची धार कीटण फोडते. योग्य हातात इनॅमलला धक्का लागत नाही. थंड पाणी काही दिवस झोंबतं, ते खरं. आणि दर वर्षी करावं लागतं ते कीटण दर वर्षी साचतं म्हणून.

पायरिया पुढे गेलेला असेल तर वरवरचं स्केलिंग पुरत नाही. भूल देऊन खिशाच्या आत, मुळांवरून कीटण खरवडून काढावं लागतं. क्वचित हिरडी उघडून करावं लागतं. असे रुग्ण पुढे दर तीन-चार महिन्यांनी साफसफाईला जातात, बाकीच्यांना सहा महिने ते वर्षभराने पुरतं. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर दंत महाविद्यालयाचा रस्ता धरा. धनकवडीला भारती विद्यापीठाचं, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, वडगावला सिंहगड, अशी महाविद्यालयं पुण्यात आहेत आणि प्रत्येकात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, दोन-तीन फेऱ्या पडतात, पण पैसे कमी लागतात आणि मोजमाप मात्र काटेकोर होतं.

घरी काय करायचं, ते थोडक्यात. हिरडीतून रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश फिरवणं बंद करू नका. तिथेच मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून छोट्या छोट्या हालचालींनी फिरवा. बहुतेकांचं रक्त आठ-दहा दिवसांत कमी होतं. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर आत कीटण आहे, डॉक्टर गाठा. सकाळचा ब्रश आपण सगळेच करतो. महत्त्वाचा आहे तो रात्रीचा. दुकान साडेनऊला बंद करून, दहा-साडेदहाला जेवून थेट आडवं होणाऱ्या पेठेतल्या माणसाला तो नको असतो, हे मला माहीत आहे. जेवल्यावर हात धुता तिथेच ब्रश ठेवा. दातांच्या फटी मोठ्या असतील तर फटीत जाणारा बारीक ब्रश घ्या, नाहीतर दोरा. खडबडीत मंजन, राखुंडी, विटेची पूड वापरू नका. मीठ घालून कोमट पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, जरूर करा. पण गुळण्यांनी, तुरटीने किंवा तेलाने कीटण निघत नाही. क्लोरहेक्सिडिनचं औषधी पाणी दोन आठवड्यांपेक्षा जास्त मनाने वापरलं तर दात तपकिरी पडतात.

आता ज्यांच्या हृदयाची फाइल आधीच उघडलेली आहे त्यांच्यासाठी. इथे जरा सावकाश वाचा.

स्टेंट बसवला असेल आणि एकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल अशा गोळ्या चालू असतील, तर दात काढायचा म्हणून त्या मनाने बंद करू नका. शेजारी सांगतील, औषधवाला सांगेल, एखादे वेळी दवाखान्यातला सहायकही सांगेल की "चार दिवस गोळी थांबवून या". दाढ काढल्यावर रक्त जरा जास्त वेळ वाहिलं तर बोळा दाबून, टाका घालून ते थांबवता येतं. गोळी थांबवल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जाऊ शकतो. हृदयाच्या डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय एकही डोस चुकवायचा नाही. ज्यांना कृत्रिम झडप आहे आणि ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन चालू आहे, त्यांनी दाताच्या कामाआधी एक-दोन दिवसांत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासून तो आकडा दातांच्या डॉक्टरांना दाखवावा. आणि हे लक्षात ठेवा: हिरडी सुजली की सर्रास दिली जाणारी मेट्रोनिडॅझोल ही गोळी या औषधांचा परिणाम वाढवते आणि रक्तस्राव होऊ शकतो. दुकानातून "ती हिरड्यांची गोळी" परस्पर आणू नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही हृदयरोग्याने विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

झडपेच्या रुग्णांचा धोका वेगळा आणि पक्का आहे. लहानपणी घसा धरून, सांधे सुजून आलेल्या तापाने झडप खराब झालेले लोक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. काहींच्या झडपा पुढे बदललेल्या असतात. हिरडीतले जंतू रक्तातून जाऊन अशा झडपेवर बसले तर जो संसर्ग होतो तो जिवावर बेततो. कृत्रिम झडप असलेले, पूर्वी हा संसर्ग होऊन गेलेले आणि काही जन्मजात हृदयदोष असलेले, यांना हिरडीला हात लागणाऱ्या दंतोपचारापूर्वी अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात. 2007 पर्यंत ही यादी मोठी होती. नंतर ती आखडली, त्यामुळे तुम्हाला तो लागतो की नाही हे जुन्या चिठ्ठीवरून ठरवू नका, आता विचारा. एका डोसापेक्षाही रोजच्या रोज निरोगी हिरडी ठेवणं हे मोठं संरक्षण, कारण जंतू रोजच्या ब्रशने आणि चावण्यानेही रक्तात जातात. झडपेची शस्त्रक्रिया ठरली असेल तर दातांचं काम आधी उरकून घ्या. आणि झडपेच्या रुग्णाला दाताच्या कामानंतरच्या काही आठवड्यांत बारीक ताप रेंगाळायला लागला, घाम, थकवा, वजन कमी होणं दिसलं, तर गल्लीतल्या दुकानातून अँटिबायोटिक आणून ताप दाबू नका. आधी रक्ताचं कल्चर, मग औषध. उलट केलं तर जंतू सापडत नाही आणि महिने वाया जातात.

बीपीसाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या दातांवर चढत येतात, गुठळ्यांसारख्या जाड होतात. हा पायरिया नव्हे, गोळीचा परिणाम आहे, आणि तोंड अस्वच्छ असेल तर तो बळावतो. गोळी सोडायची नाही. डॉक्टरांना दाखवायचं, ते बदलून देऊ शकतात.

झटका येऊन गेल्यावर तातडीचं नसलेलं दाताचं काम पहिले काही आठवडे पुढे ढकलतात. कधी करायचं ते हृदयाच्या डॉक्टरांनी सांगू द्या. कामाच्या दिवशी सकाळची बीपीची गोळी आणि नाश्ता चुकवू नका. सॉर्बिट्रेट चालू असेल तर खिशात ठेवा आणि खुर्चीत बसण्याआधी तसं सांगा.

शेवटी एक उलटी गोष्ट. कधी कधी हृदयच दातासारखं दुखतं. खालच्या जबड्यात, बहुधा डावीकडे पण दोन्हीकडेही, दाबल्यासारखी कळ येते. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढताना किंवा वाड्याचा लाकडी जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर थांबतो, गार-गरम लावल्याने काही फरक पडत नाही, कुठला दात ते बोटाने दाखवता येत नाही: असं असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे नव्हे, त्याच दिवशी ईसीजी काढायला जा. मधुमेही माणसांत आणि बायकांत छातीत न दुखताही झटका येतो. जबड्याच्या कळेबरोबर घाम, धाप, मळमळ असेल तर लवंग दाताखाली धरून बसू नका. 108 ला फोन करा. पेठेच्या आतल्या गल्ल्यांत, विशेषतः गणपतीच्या दिवसांत, रुग्णवाहिका दारापर्यंत येणं कठीण. फोनवर बाजीराव रस्ता की शिवाजी रस्ता, नेमकं कुठल्या चौकात भेटायचं ते ठरवा आणि रुग्णाला चालवत न नेता खुर्चीवर बसवून तिथवर उचलून न्या.

बाकी सगळं विसरलात तरी एवढं करा. दातांच्या दवाखान्यात जाताना हृदयाच्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा, आणि पुढच्या वेळी हृदयाच्या डॉक्टरांनी "आणखी काही त्रास?" असं विचारलं की हिरड्यांतून रक्त येतं हे सांगायला लाजू नका.